टाकीच्या झाकणाचं भोक

आमच्या हिला मोटारलाइनीतले लोक चीकवाली म्हणायचे. पोलादपूरच्या नाक्यापासून महाडच्या स्टँडापर्यंत जुने ड्रायव्हर, क्लीनर, पंक्चरवाले, सगळे. ती बाजारात गेली की कुणीतरी लांबूनच हाक मारायचा, "काय चीकवाली, आज कोणाची टाकी बंद केलीस?" ती थांबायची, पदर खोचायची नि म्हणायची, "तुझं तोंड बंद करायचा चीक शिल्लक हाय, आणू?" पन्नासाच्या वर वर्षं हे चाललं. यंदा फाल्गुनात ती गेली. लोक भेटायला आले तेव्हाही दोघातिघांनी तेच नाव काढलं, हसले, नि हसता हसता डोळे पुसले. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो होतो. काही बोललो नाही. ते नाव तिला कसं पडलं ते इथे लिहितो. माझं शिक्षण सातवी, तेही ढकलत ढकलत. शुद्ध-अशुद्ध ज्याला बघायचं असेल त्याने बघावं.

माझं गाव उमरठच्या वर डोंगरात. अकरा घरांची वाडी, त्यातल्या सात घरांतले पुरुष मुंबईला. मलाही तिकडेच धाडायचं चाललं होतं, पण माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, तिच्या नवऱ्याचं पोलादपुरात गॅरेज होतं. आक्काने बापाला सांगितलं, माझ्याकडे राहू दे, हाताला काम शिकेल. तेव्हा मी अठरा-एकोणीसचा असेन. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे. कशेडीचा घाट उतरून आलेले ट्रक समोर थांबायचे, ब्रेक इतके तापलेले असायचे की करपल्याचा वास थेट घरात यायचा. घर गॅरेजच्या पाठीलाच होतं. मध्ये भिंत नव्हती, नुसता शेणाने सारवलेला कूड. इकडे आम्ही पान्हे आपटायचो, तिकडे भाकऱ्या थापल्याचा आवाज. तिकडून फोडणी पडली की इकडे भूक लागायची. पावसाळ्यात रोज कुळथाची पिठी नि भात, कधी सुकट, आणि फणसाच्या आठळ्या. आठळ्या राखेत घालून ठेवलेल्या असायच्या, त्यातल्या मूठभर चुलीत भाजून आक्का कुडाच्या फटीतून माझ्या हातात द्यायची. भावोजींना कामाच्या वेळी खाल्लेलं चालायचं नाही.

चुलीशी आक्काच्या जोडीला तिची नणंद असायची, भावोजींची धाकटी बहीण. इंदू. माझ्याच वयाची. मी त्या घरात दोन वर्षं जेवत होतो तरी ती मला पाव्हणेच म्हणायची. "पाव्हणे, आंघोळीचं पाणी निवलं." "पाव्हणे, हात धुतलात तरी काळेच, भाकरी चिमट्याने देऊ काय?" तिचा कान मात्र भारी होता. भाकरी थापता थापता तिला कळायचं की बाहेर कुठली गाडी आली. भावोजी इंजिनात डोकं घालून अर्धा तास बसायचे, नि आतून ही म्हणायची, "दादा, एक सिलिंडर मारत नाय वाटतं." भावोजी ओरडायचे, "तू आमटीकडं बघ." पण पाच मिनिटांनी एकेक प्लगची वायर काढून बघायचे, नि एक प्लग मेलेला असायचाच.

पोलादपुरात एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे जुनी काळी विलायती मोटार होती, कुण्या पारशाकडून घेतलेली. तिला पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा. ज्याने तो ऐकला नाही त्याला सांगतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून टकटकटक आवाज यायचा, कार्बोरेटर भरला की थांबायचा. मग इंजिन संथ चालू असताना मधूनच एखादा टक. निवांत. भिंतीवरची पाल बोलते तसा. आजच्या गाड्यांत पंप टाकीच्या पोटात असतो, आवाज कुणाला येत नाही, बिघडला तर संगणक लावून सांगतात. बरं आहे. आम्हाला कानाशिवाय दुसरं काही नव्हतं.

ती मोटार चालवायला यशवंत होता. तुडीलचा, तिथल्या बौद्धवाडीतला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. घरी आई, बायको नि तीन पोरं, आणि डॉक्टरांचा पगार सोडला तर काही नाही. गाडी इतकी पुसायचा की डॉक्टर दाढी करताना आरसा म्हणून दार वापरतील असं लोक म्हणायचे. गॅरेजमध्ये आला की आक्का त्याला चहा द्यायची, पण कान तुटलेल्या वेगळ्या कपात, नि तो कप बाहेर खांबाच्या खोबणीत ठेवलेला असायचा. यशवंत स्वतः विसळून ठेवायचा. हे लिहायला बरं वाटत नाही. पण होतं ते होतं, आणि पुढचं कळायला ते माहीत पाहिजे.

त्या साली पाऊस जबर लागला होता. डॉक्टरांची गाडी दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा पेट्रोलमध्ये पाणी निघालं. भावोजींनी टाकी उतरवली, धुतली, झाकणाला नवीन रबर कापून बसवलं. झाकण पुसायला माझ्याकडे दिलं. पुसताना मला त्यात बारीक भोक दिसलं, सुई जाईल एवढं. मला वाटलं, सापडला चोर, पाणी इथूनच जातं. आमच्याकडे भोक दिसलं की बुजवायचं, हीच शिकवण. कौल फुटलं, बुजव. घागर गळते, बुजव. होडीची फट, बुजव. त्यासाठी घरोघरी फणसाचा चीक काडीला गुंडाळून ठेवलेला असतो, चुलीवर धरला की मऊ होतो नि निवला की दगड. मी कुडाच्या फटीतून इंदूकडे मागितला. "कशाला?" म्हणाली. म्हटलं, "झाकणाला भोक हाय." तिने काडी चुलीत धरून दिली. मी भोक बुजवलं, वर अंगठा दाबला. भावोजींना सांगितलं नाही. मनात होतं, पाणी यायचं थांबलं की सांगू, शाबासकी घेऊ. पाणी थांबलं. पण भावोजी सगळ्यांना आपलं नवीन रबर दाखवत सुटले, नि माझं सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर आठ दिवसांत गाडीचं दुसरंच सुरू झालं. घाट चढला की पंपाचा आवाज बदलायचा. निवांत टक जाऊन जड, अडखळता आवाज, हमाल ओझं उचलताना कण्हतो तसा. गाडी थांबवून इंजिन संथ ठेवलं की सगळी गाडी थरथरायची, बॉनेटवर ठेवलेला पान्हा सरकत सरकत खाली पडायचा, मग इंजिन दोन आचके देऊन बंद. पाऊण तास उभी ठेवली की काही झालंच नाही अशी चालू. आणि गॅरेजमध्ये आणली की अगदी गुणी. यशवंत सांगून दमला, भावोजी ऐकून दमले. पंपाचे पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासले. जाळी धुतली. जेट तोंडाने फुंकले. कार्बोरेटरखालचं पॅकिंग बदललं. तापत असेल म्हणून पंपावर ओलं फडकं टाकून बघितलं. काही नाही.

गॅरेजमध्ये ती का बिघडत नव्हती ते आज सांगायला सोपं आहे. डॉक्टरांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला होता. म्हणून गाडी आत आली की भावोजींचं पहिलं काम ठरलेलं, टाकीचं झाकण काढायचं नि काठी बुडवून पेट्रोल किती ते बघायचं. आम्ही रोज आमच्या हाताने रोग बरा करत होतो नि मग रोग शोधत होतो.

शुक्रवारी डॉक्टर गॅरेजवर आले. माणूस वाईट नव्हता, पण शब्द मोजून टाकायचा. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याकडे गाडी चांगली चालते, याच्याकडे गेली की आचके देते. याचा अर्थ काय?"

भावोजी हात पुसत राहिले.

"अर्थ असा की पेट्रोलमध्ये रॉकेल जातंय, आणि पेट्रोल कुठेतरी विकलं जातंय. " मग यशवंतकडे वळले. "मी पोलिसात जाणार नाही. रविवारी सकाळी किल्ली ठेव आणि जा."

यशवंत फडकं हातात धरून उभा. म्हणाला, "साहेब, वास घ्या. कागदावर थेंब टाका. रॉकेल असेल तर डाग राहील."

"आज नाही राहणार," डॉक्टर म्हणाले. "आज तू सावध आहेस."

मी कागदावर थेंब टाकून बघितला होता. डाग राहिला नव्हता. पण मला कोण विचारतो. आणि खरं सांगायचं तर ज्याचा कप वेगळा खांबावर होता त्या माणसावर असला आळ यायला पुरावा लागत नव्हता. डॉक्टर गेल्यावर भावोजींनी माझ्यावर राग काढला. "रेड्या, नुसता खातोस. हा दोष सापडला नाय तर माझंही नाव जाईल नि तुझी वळकटी मुंबईच्या गाडीत टाकीन."

शनिवारी दुपारी मी नि यशवंत गाडी घेऊन कशेडीला गेलो. अर्ध्या घाटात पंप कण्हायला लागला. वर पोचून गाडी उभी केली, थरथरली नि मेली. धुकं होतं. दोघं दगडावर बसलो. तो म्हणाला, "सदू, तुला काय वाटतं, मी रॉकेल घालतो?"

"नाय दादा."

"मग माझ्या फडक्याचा वास का घेतलास सकाळी?"

तो हसला, विडी पेटवली. "घे, घे. सगळे घेतात. तू निदान लपून घेतलास." मग बराच वेळ खाली ट्रक घरघरत चढताना ऐकत बसलो. पाऊण तासाने गाडी चालू झाली. त्याने वाटेत टाकी जवळजवळ काठोकाठ भरून घेतली. म्हणाला, किल्ली देताना टाकी भरलेली देणार, कोणी बोट दाखवायला नको. झाकण त्याने स्वतः आवळलं नि गाडी गॅरेजमध्ये लावून चालत निघून गेला.

मी चुलीपाशी जाऊन बसलो. दिवेलागणीची वेळ. आक्का गुरं बांधायला गेली होती. इंदू नवा रॉकेलचा डबा फोडून बाटलीत ओतत होती. एक भोक पाडलेलं. डबा वाकवला, गुटुक आवाज झाला, थोडं आलं, थांबलं. परत डबा कण्हला, गुटुक. परत थांबलं. मी बघतच राहिलो. तिने खिळा घेतला, दगडाने दुसऱ्या कोपऱ्यात ठोकला, नि तेल सरळ धारेने बाटलीत.

"असे काय बघताय पाव्हणे? दुसरं भोक पाडल्याबिगर तेल येतं काय? वारा आत गेला पायजे ना."

मी म्हटलं, "तो आवाज."

"मी कधीची ऐकते. ती काळी गाडी अशीच घोटते. पर दादा म्हणतो आमटीकडं बघ." एवढं बोलून तिचा हात थांबला. तिने चुलीमागच्या फळीवर बघितलं. चिकाची काडी तिथेच होती. मग माझ्याकडे बघितलं. "तुमी त्या झाकणाला काय केलंत?"

मी मान खाली घातली.

"उद्या सांगणार ना?"

"सांगणार."

"दादा मुंबईला धाडील."

"धाडू दे."

असं मी म्हणालो. म्हणताना खरंच वाटत होतं.

सकाळी डॉक्टर आले. यशवंत धुतलेला सदरा घालून आला होता. त्याने किल्ली पुढे केली. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, अर्धा तास द्या. झाकणाला कोणी हात लावू नका." भावोजींच्या हातात काठी होती, ती मी काढून घेतली. ते चिडले, पण डॉक्टरांसमोर बोलले नाहीत. गाडी चालू केली. संथ ठेवली. टक. टक. दहा मिनिटं काही नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. भावोजी दात खात होते. आक्का दारात आली. पंधरा मिनिटांनी आवाज जड झाला; टाकी काठोकाठ, आत वाऱ्याला जागा थोडी, म्हणून घाटाशिवायच. मग गाडी थरथरायला लागली, बॉनेटवरचा पान्हा चालायला लागला. "हे बघा," यशवंत म्हणाला, "हेच ते, हेच." त्याचा आवाज फाटला होता. मी मागे गेलो नि झाकण सैल केलं. फुस्स करून वारा आत गेला, सगळ्यांनी ऐकला. एरवी तोच वारा रबराच्या कडेने पाऊण तास झिरपत जायचा. पान्हा थांबला. दोन-चार श्वास गेले नि पंप परत पालीसारखा बोलायला लागला.

डॉक्टर झाकण हातात घेऊन उलटं-सुलटं बघत होते. शिकलेला माणूस, लगेच कळलं. भावोजींच्या पुढे धरून म्हणाले, "इथे हवेसाठी भोक असतं. हे कोणी बुजवलं?"

आता मी बोलायचं होतं. मी यशवंतकडे बघितलं, तो झाकणाकडे बघत होता. मी भावोजींकडे बघितलं. मागून इंदू म्हणाली, "मी."

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. "मीच चीक लावला. झाकण धुवायला आत आलं होतं. सगळे पाणी जातं, पाणी जातं करत होते. मला भोक दिसलं, बुजवलं."

डॉक्टर हसायला लागले. मोठ्याने हसले. भावोजी तिच्या अंगावर धावले, "अगो भवाने, मोटारीला घागर समजलीस?" पण तेही हसत होते. बाईमाणसाने चूक केली की लोक हसतात नि सोडून देतात, हे तिला माहीत होतं. मला सोडलं नसतं. डॉक्टरांनी किल्ली यशवंतच्या हातात परत दिली. माफी मागितली नाही, त्या काळात कोण मागत होतं. म्हणाले, "चल, उशीर झाला." यशवंत गाडीत बसताना इंदूला म्हणाला, "बाय, माझी भाकर घालवली होतीस गो. चीकवाली कुठली." तेच नाव पुढे नाक्यावर गेलं.

मी गप्प बसलो. घाबरलो म्हणून गप्प बसलो असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. दुपारी कुडाच्या फटीतून आठळ्या आल्या, त्या आक्काने नाही, हिने दिल्या. म्हटलं, "का बोललीस?" म्हणाली, "तुमचं तोंड लय उशिरा उघडतं." बस. पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं. मी महाडला वेगळं गॅरेज टाकलं. आमच्या घरात सगळे कप एकसारखे होते, ते तिने पहिल्या दिवशीच बघून आणले. यशवंत सणासुदीला यायचा, त्यातल्याच एका कपातून चहा प्यायचा, नि दर वेळी तिची चेष्टा करायचा. ती हसायची. मीही हसायचो. एकदा-दोनदा मी तिला म्हटलं, त्याला सांगून टाकू. म्हणाली, "आता कशाला? त्याला चिडवायला काहीतरी पायजे." मला तेवढंच निमित्त पुरलं.

ती गेल्यावर महिन्याने यशवंत आला. नव्वदीला टेकलाय, नातवाच्या रिक्षातून आला, हातात काठी. मी चहा केला. तो नातवाला भिंतीवरचा हिचा फोटो दाखवून सांगायला लागला, "ही चीकवाली. हिने माझी नोकरी घालवली होती, नि हिनेच कबूल होऊन राखली."

मी म्हटलं, "दादा, चीक मी लावला होता."

"काय?"

मी जोरात म्हटलं. त्याला ऐकू कमी येतं. "झाकणाला चीक मी लावला होता. ती खोटं बोलली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तू?"

"मी गप्प बसलो."

"दर सणाला मी यायचो. दर वेळी तिला बोलायचो. चारचौघांत बोलायचो. तू बाजूला बसून चहा ढोसायचास."

"हो."

"तिला कधी राग नाय आला?"

"नाय."

"तुला लाज?"

तो काठी टेकत उठला. नातू धरायला गेला तर त्याचा हात झटकला. फोटोसमोर उभा राहून हात जोडले नि म्हणाला, "बाय, माफ कर गो. मला कोणी सांगितलं नाय." मग माझ्याकडे न बघता दाराकडे गेला. उंबऱ्यात थांबला. "मला एकट्याला सांगून काय होतंय? नाव तर नाक्याने ठेवलंय. नाक्याला सांग."

नाक्यावर आता त्या वेळचं कोण राहिलंय. म्हणून लिहिलं. त्याने चहाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं, वर साय धरली होती. तो कप मीच प्यायलो. साखर जास्त पडली होती, अजून मला अंदाज येत नाही. चिकाची काडी तिच्या फळीवर तशीच आहे, गॅसच्या शेगडीमागे, काळी पडलेली.

झाकणाला चीक मी लावला होता. इंदूने नाही.